हाड जुळेपर्यंत

सेक्टर २, भिलाई
९ फेब्रुवारी २०२४

प्रिय खुशबू, जय भीम.

बाबानं फोन सोडून पत्र कावून लिहिलं म्हणून तू घाबरशील. आधी तेच सांगतो. साठी उलटली आन् माहे कान गेले, तुले माहीत आहे. फोनवर मले ऐकू येत नाही म्हणून मी ओरडतो. आन् मी ओरडलो की दोन खोल्यांच्या या क्वार्टरमध्ये काहीच लपत नाही. आजची गोष्ट तुह्या आईसमोर ओरडण्यासारखी नाही. व्हॉट्सॲपवर टाइप कराले बसलो तर एका ओळीले जीव जाते, आन् तुहा भाऊ राजदीप मागून वाचते. म्हणून विहाराच्या वाचनालयात बसून लिहून राहिलो. उत्तर इथल्याच पत्त्यावर, माह्या नावानं पाठव.

आईची कंबर लय बिघडली. ओट्याले धरून पोळ्या करते. दोन पोळ्या झाल्या की डावा पाय सुन्न पडते, मग स्टुलावर बसते, मग तिसरी पोळी. तुले फोनवर म्हणते, "बरी आहो मी." बरी नाही. एमआरआय काढला. चौथा मणका पाचव्यावरून पुढं सरकला आहे आन् मधली नस दाबून राहिला. डॉक्टर म्हणते ऑपरेशन करा, नाहीतर पाय जाईल.

ऑपरेशन म्हणजे दोन मणक्याइले स्क्रू मारून सळई बसवतात, मधात एक छोटा पिंजऱ्यासारखा तुकडा ठेवतात, त्याले केज म्हणतात. केजमध्ये आन् आजूबाजूले हाड भरतात. ते हाड वाढलं की दोन मणके कायमचे एक. मी स्टील प्लांटच्या मिलचा माणूस, मले बराबर समजलं. स्क्रू म्हणजे टॅक, जागेवर धरून ठेवणारा कच्चा टाका, हाड म्हणजे पक्की वेल्डिंग. टॅकवर किती दिवस चालन?

इथपर्यंत ठीक होतं. मग रीना मॅडम आल्या, गळ्यात कार्ड घातलेली पोरगी, तुह्याच वयाची असन. म्हणे दवाखान्यात एक अभ्यास चालू आहे. नेहमी आपल्याच कमरेचं हाड कापून तिथं भरतात. आता एक नवीन दाणेदार माल आला आहे, हाडासारखाच, पण कारखान्यात बनवलेला. अर्ध्या लोकाईले कमरेचं हाड, अर्ध्याइले तो माल. कोणाले काय, ते कॉम्प्युटर ठरवन.

माणसाच्या पाठीची लॉटरी, खुशबू?

तुह्या आईनं एका मिनिटात म्हटलं, "द्या, कुठं सही कराची?" मी तिचा हात धरला.

तू नागपूरले हेच काम करते. शुगरच्या औषधाच्या अभ्यासात लोकाईच्या सह्या घेते. मग सांग. आपल्यासारख्याइवरच कावून करून पाहतात? मुलगी म्हणून सांग, नोकरीवाली म्हणून नको.

तुहा बाबा
भय्याजी


नागपूर
१६ फेब्रुवारी २०२४

बाबा, सप्रेम जय भीम.

पत्र हातात पडलं तेव्हा मी वॉर्डात एका काकूंना संमतीचा कागद समजावून सांगत होते. "तुम्ही कधीही बाहेर पडू शकता" हे वाक्य रोज इतक्यांदा म्हणते की त्याचा आवाज मलाच ऐकू येत नाही. तुमचं पत्र वाचल्यावर ऐकू आला.

मुलगी म्हणून एक आणि नोकरीवाली म्हणून दुसरं, अशी दोन उत्तरं माझ्याकडे नाहीत. निदान असू नयेत.

तुम्ही विचारलंत ती भीती खोटी नाही. पण असे अभ्यास सगळ्यांवर होतात. मोठी माणसं आधी दहा प्रश्न विचारतात आणि मग सही करतात. आपणही विचारायचे. आईनं नाही म्हटलं तरी ऑपरेशन होईल ना? काही बिघडलं तर इलाज कोण करणार? अभ्यासावर लक्ष ठेवणारी समिती कोणती, तिचा पत्ता कागदावर आहे का? रीना मॅडमनी यातल्या एकाही प्रश्नाला "छोड़िए ना अंकल" म्हटलं, तर उठून या.

स्वतःच्या कमरेचं हाड हा जुना, भरवशाचा मार्ग आहे. पण तिथं दुसरी जखम होते आणि ती पुष्कळ दिवस दुखते. नवीन माल त्या जखमेपासून वाचवतो. तो तितकाच चांगला जुळतो का, हेच त्यांना पाहायचं आहे. लॉटरी यासाठी, की डॉक्टरनं आपल्या मनानं आवडतं निवडू नये.

ते बिडी-तंबाखूचंही विचारतील. तंबाखूनं हाडाला रक्त कमी पोचतं आणि हाड जुळत नाही. आपल्या घरी तो प्रश्नच नाही, म्हणून एक काळजी कमी.

आमच्याकडे पुढच्या महिन्यात तपासणीवाले येणार आहेत, मला सुट्टी नाही. मेमध्ये येते. तोवर लिहीत राहा.

तुमची
खुशबू


सेक्टर २
२५ मार्च २०२४

प्रिय खुशबू, जय भीम.

ऑपरेशन झालं हे राजदीपनं तुले फोनवर सांगतलं असन. बाकीचं मी सांगतो.

तुहे सगळे प्रश्न मी कागदावर लिहून नेले आन् रीना मॅडमच्या समोर ठेवले. ती पोरगी हसली नाही. एकेका प्रश्नाचं उत्तर तिनं त्याच कागदावर लिहून देल्लं, कावून की तिले समजलं का मले ऐकू येत नाही. समितीचा पत्ता पण देल्ला. मग तिनं हिंदीत विचारलं, बिडी, सिगरेट, गुटखा, खैनी, कुछ खाती-पीती हैं? मी म्हटलं, मॅडम, आमच्या घरात देव्हारा नाही तशी तंबाखू पण नाही. तुह्या आईनं मान हलवली. सही झाली.

लॉटरीत नवीन माल निघाला.

ऑपरेशनले आत नेलं तवा आईनं मले बांगड्या काढून देल्या आन् म्हणे, "घरी जाऊन जेवा." जेवतो कुठचा! बाकड्यावर बसून राहिलो. दार उघडलं की सगळ्याइच्या माना वर, आन् मले तर नाव पुकारलेलं ऐकू येत नाही, म्हणून मी दारासमोरच उभा. नर्सबाई दोनदा बाजूले करून गेली. डॉक्टर बाहेर आले, अंगठा वर केला, तवा मी बसलो.

पायाची सुन्नी गेली. खरंच गेली. पण आई चिडचिडी झाली. डोकं दुखते, झोप नाही, रीना मॅडमवर पण ओरडली, "मले घरी न्या" एवढंच म्हणत होती. घरी आणलं तर दोन-तीन दिवसांत शांत झाली. माह्या मनात येते, त्या दाण्याइनं काही केलं का? कारखान्यातला माल. अंगाले मानवला नाही तर?

तुहा बाबा


नागपूर
२ एप्रिल २०२४

बाबा,

घाबरू नका. भूल उतरताना काही जणांना असं होतं, आणि दवाखान्यात कोणाला झोप लागते? घर मिळालं आणि ती शांत झाली, एवढाच त्याचा अर्थ. त्या दाण्यांचा डोक्याशी काही संबंध नाही.

पट्टा बांधल्याशिवाय उठू देऊ नका. वाकू देऊ नका. बादली उचलू देऊ नका. हे तुम्ही तिला ओरडून सांगा, त्याला माझी परवानगी आहे.

खुशबू


सेक्टर २
२८ सप्टेंबर २०२४

खुशबू, जय भीम.

मेमध्ये तू येऊन गेली तवा आई चालत होती, तू खुश होऊन गेली. आता ऐक.

सहा महिन्याचा फोटो काढला, सीटी स्कॅन. डॉक्टर आईले म्हणाले, "अभी थोड़ा टाइम लगेगा." ती बाहेर बसली तवा राजदीपनं त्याइले बाजूले घेऊन विचारलं. मग मोबाइलवर लिहून मले दाखवलं. हाड जुळलं नाही. जरासंही नाही. आन् खालच्या एका स्क्रूच्या भोवती काळी रेघ दिसते, म्हणजे तो ढिला होऊन राहिला. वर्ष होईपर्यंत पाहू म्हणतात, नाहीतर दुसरं ऑपरेशन, आन् ते पहिल्याहून कठीण.

टॅक सुटून राहिले, पोरी. वेल्डिंग झालीच नाही.

आईले आम्ही हे सांगतलं नाही. ती म्हणते, टाइम लागते तर लागू दे.

विहारात गोष्ट निघाली तर चार माणसं चार गोष्टी बोलले. एक म्हणे, अपने लोगों पर ही टेस्ट करते हैं. मी मनात म्हटलं, मी तर पहिल्या दिवशी हेच बोललो होतो, आन् माह्या शिकलेल्या पोरीनं समजावलं, घाबरू नका.

मी तुह्यावर नाराज नाही. पण आता काय कराचं ते तूच सांग.

बाबा


नागपूर
४ ऑक्टोबर २०२४

बाबा,

तुमचं पत्र मी ऑफिसच्या जिन्यात उभी राहून वाचलं. "नाराज नाही" हे तुम्ही लिहिलंत ते वाचलं आणि वर जाऊन कॉम्प्युटर उघडला.

मी समितीला ईमेल केला आहे, माझ्या नावानं. लिहिलं की रुग्णाची मुलगी म्हणून आणि या क्षेत्रात काम करणारी म्हणून मला शंका आहे. सहा महिन्यांत काहीच हाड नाही, स्क्रू ढिला, तर या नव्या मालाचा बाकीच्यांमध्ये काय हिशेब आहे तो तपासा, तोवर नवीन माणसं घेऊ नका. कडक लिहिलं. आधी कधी कुणाला इतकं कडक लिहिलं नव्हतं.

पण ते उलट विचारतील, म्हणून मला सगळं माहीत पाहिजे. आई पडली होती का? पट्टा कधी सोडला? शुगर शेवटची कधी तपासली? काय खाते? कोणती गोळी, कोणाच्या सांगण्यावरून? तिचा एक दिवस मला सकाळपासून लिहा. लहानसहान समजून काही सोडू नका.

खुशबू


सेक्टर २
११ ऑक्टोबर २०२४

प्रिय खुशबू, जय भीम.

तू ईमेल केला ते बराबर केलं. रीना मॅडमचा राजदीपले फोन आला. चौकशी लागली म्हणे, नवीन लोकाईले घेणं थांबवलं. आवाज रडका होता असं राजदीप सांगते. मले वाईट नाही वाटलं. थोडं वाटलं.

आता आईचा दिवस. सकाळी उठते, मी पट्टा बांधून देतो. मागच्या अंगणात खुर्चीवर बसून गुडाखू घासते, मग चहा. चहासंग टोस्ट. आंघोळीले प्लॅस्टिकचा स्टूल आहे, वाकत नाही. भाजी ती बसून चिरते, पोळ्या आता राजदीपची बायको सुनिता करते. दुपारी जेवण, वरण-भात, भाजी, कधी अंडं. जेवणावर पुन्हा गुडाखू, दाढ दुखते ना तिची. मग झोप. चारले ताराच्या दारापर्यंत चालणं, ती बाजूची शेजारीण. रात्री दूध घेते, डॉक्टरनं सांगतलेली कॅल्शियमची गोळी घेते, पुन्हा गुडाखू घासून झोपते. पडली कधीच नाही. शुगर नाही. कोणा वैद्याची पुडी नाही. पट्टा मी सोडूच देत नाही.

म्हणून सांगतो, आपल्याकडून काहीच चूक नाही. सगळं त्या मालाचं आहे. हे तू समितीले ठणकावून लिही.

बाबा


नागपूर
१६ ऑक्टोबर २०२४

बाबा,

गुडाखू कधीपासून?

माझ्या लहानपणी आईनं कधी हात लावला नव्हता. मी घरी होते तेव्हा डबी पाहिली नाही. मेमध्ये सात दिवस राहिले, तेव्हाही नाही.

बाबा, गुडाखू म्हणजे तंबाखू. तंबाखू आणि गूळ. हिरड्यांतून ती सरळ रक्तात जाते. तुम्ही लिहिल्याप्रमाणे ती दिवसातून तीनदा तंबाखू घेते आहे, आणि बहुतेक ऑपरेशनच्या आधीपासून घेते आहे. दवाखान्यात ती चिडली, डोकं दुखलं, घरी आल्यावर शांत झाली, ते काय होतं हे आता मला कळलं. आणि मी तुम्हाला लिहिलं होतं की भूल उतरते आहे.

सगळं तिच्यामुळेच झालं असं मी म्हणत नाही. मालाचाही दोष असेल, मला माहीत नाही. पण मी समितीला लिहिलं ते अर्धं सत्य होतं, आणि त्या अर्ध्यावर एक सगळा अभ्यास थांबला आहे.

आईला आजच थांबवा. हाताला लागेल ती डबी फेका. आणि रीना मॅडमना सांगा. आपण सांगितलं नाही, तर आईची पाठ त्या मालाच्या नावावर लिहिली जाईल, आणि तिचा खरा इलाजही होणार नाही. तिचं दुसरं ऑपरेशन झालं आणि गुडाखू चालूच राहिला, तर तेही जुळणार नाही.

तुम्ही सांगाल ना?

खुशबू


सेक्टर २
२३ ऑक्टोबर २०२४

खुशबू,

नाही सांगाचं.

दोन वर्षं झाली. दाढ दुखली, तारानं डबी देल्ली, "लगा ले रुक्मा, आराम मिलेगा." इथं अर्ध्या बाया घासतात. दुकानात दंतमंजनाच्या बाजूलेच ठेवलेली राहते. मी स्वतः आणून देतो. तू आली तवा ती ताराच्या अंगणात जाऊन घासत होती, पोरीसमोर तोंड काळं दिसते म्हणे. तंबाखू म्हणून मी पाह्यलंच नाही कधी. माणूस दातावरच्या औषधाले तंबाखू म्हणते का?

आता सांगतलं तर काय होईल? म्हणतील तुम्ही खोटी सही केली. म्हणतील निघा अभ्यासातून. ढिला स्क्रू घेऊन म्हातारी कुठं जाईल? सध्या तपासणी, फोटो, सगळं ते बघतात. तू म्हणशील सोडणार नाहीत. तू इथं नाही, पोरी. त्या दारासमोर मी उभा राहतो, आन् आत काय बोलून राहिले ते मले ऐकू पण येत नाही.

डबी मी बंद केली. दुकानात माल नाही म्हणून सांगतलं. ती ताराकडून घेऊन आली. मी हिसकली. ती म्हणे, "तुमाले झालं काय?" सांगू काय? सांगाचं तर आधी हाड जुळलं नाही तेच सांगा लागते. मी फक्त ओरडलो. दोन दिवस ती माह्यासंग बोलली नाही.

पुढं काही लिहू नको समितीले. हात जोडतो.

बाबा


नागपूर
२९ ऑक्टोबर २०२४

प्रिय आई,

हे पत्र विहारात नाही, सरळ क्वार्टरवर, तुझ्या नावानं पाठवते आहे. फेब्रुवारीपासून बाबा आणि मी तुझ्याबद्दल एकमेकांना लिहितो आहोत. तुझ्या पाठीबद्दल, तुझ्या पाठीमागं. आज मला त्याची लाज वाटते.

तुला कोणी सांगितलं नाही ते सांगते. सहा महिन्यांच्या फोटोत तुझं हाड जुळलेलं नाही. एक स्क्रू ढिला होतो आहे. दुसरं ऑपरेशन लागू शकतं. आणि तू दातावर घासतेस त्या गुडाखूत तंबाखू आहे, त्यानं हाड जुळायला अडथळा होतो. म्हणून बाबा तुझ्यावर ओरडले. त्यांच्यावर रागावू नकोस, ते फार घाबरले आहेत.

मीही घाबरले आहे. रोज दुसऱ्यांच्या आईला कागद समजावते आणि माझ्या आईला वर्षभरात एक पत्र लिहिलं नाही.

दवाखान्यात सांगायचं की नाही, ते तू ठरव. पाठ तुझी आहे, सही तुझी होती. तू नको म्हटलंस तर मी दुसरं काही लिहिणार नाही. पण डबी सोड, आई. फक्त तेवढं.

तुझी
खुशबू


सेक्टर २
८ नोव्हेंबर २०२४

खुशबू बाई, जय भीम.

मले पत्र लिहाची सवय नाही, चुका सोडून वाच.

हाड जुळलं नाही ते मले माहीत होतं. रात्री कूस बदलतो तवा आतमध्ये कट असा आवाज येते. तुह्या बाबाले ऐकू येत नाही, म्हणून त्याइले समजलं नाही. तुमाले कायले सांगू? तुम्ही सगळे आधीच भिऊन राहिले. बाप-लेक मले लपवून एकमेकाले लिहून राहिले, आन् मी तुमाले लपवून राहिलो. असं आहे आपलं घर.

गुडाखूचं खरं सांगतो. एकदमच माहीत नव्हतं असं नाही. डबीवर चित्र राहते, ते मी पाहत नव्हतो. रीना मॅडमनं विचारलं, तंबाखू खाती हैं? मी खात नाही, मी घासतो. मनात म्हटलं, हे विचारलं नाही तर कायले सांगू. बस, एवढंच. आन् दवाखान्यात ते चार-पाच दिवस डोकं फुटून राहिलं तवा मले समजलं, का याची लत लागली आहे. घरी आल्याबरोबर ताराले आवाज देल्ला.

तुहं पत्र वाचलं. दुसऱ्या दिवशी तुहे बाबा विहारात गेले, मी पट्टा बांधला, ताराले घेतलं, ऑटो केला आन् दवाखान्यात गेलो. नेहरू नगरच्या पुढं ऑटो गड्ड्यात उचकला तवा असा कट वाजला, का वाटलं आताच सगळं सुटलं. ताराचा हात इतका दाबला, तिचं बोट अजून दुखते म्हणते.

डॉक्टरसमोर डबी ठेवली. म्हटलं, साहेब, यह घिसती हूं, दिन में तीन बार. कोई पूछा नहीं, मैं बताई नहीं.

रीना मॅडम डबी हातात घेऊन उभी राहिली, तिचा चेहरा उतरला. मले वाटलं आता हाकलते. मी म्हटलं, मेरे को निकालोगे क्या? ती म्हणे, "नहीं आंटी, एक बार आप आ गईं तो हम आपको बीच में नहीं छोड़ते. जो हुआ है वही लिखा जाएगा." मग बसली आन् सगळं विचारलं, कधीपासून, किती. लिहिता लिहिता थांबली. म्हणे, "आंटी, मैं यहीं दुर्ग की हूं. मेरी नानी गुडाखू घिसती थी. मुझे पूछना था. कागज़ में तंबाकू खाना लिखा था, मैंने वही पढ़ दिया."

ती रडली. मग तारा पण रडली, तिले वाईट वाटलं, डबी तिनंच देल्ली होती. मीच एकटी बिना रडल्याची.

त्यानंतर रीना मॅडमनं अभ्यासातल्या बाकीच्या बायाइले फोन केले, आन् यावेळी गुडाखू म्हणूनच विचारलं. माह्यासारख्या अजून निघाल्या. किती ते मी सांगत नाही, त्याइची गोष्ट त्याइची.

आता तू समितीले दुसरं पत्र लिही. पहिलं मागं घेऊ नको. माल खराब असन तर तो पण तपासू दे. पण हे पण लिही, का माह्या आईनं घासली होती, आन् विचारताना बराबर शब्द विचारला नव्हता. दोन्ही लिही. माह्या नावानं लिही.

बाबाइले मी सगळं सांगतलं. ते आता ओरडत नाहीत. कालपासून ताराच्या नवऱ्याले गुडाखू सोडाले सांगून राहिले, इतक्या जोरानं का सगळ्या सेक्टरले समजलं.

मी सोडली. दाढ काढून टाकली. हात सकाळी आपोआप फळीवर जाते, रिकामाच येते. लय कठीण आहे, बाई.

तुही आई


नागपूर
१७ नोव्हेंबर २०२४

आई,

दोन्ही लिहिलं, तुझ्या नावानं. लिहिताना तुझं पत्र समोर ठेवलं होतं.

मग आमच्या वॉर्डात गेले. आमच्या कागदावरही "तंबाखू सेवन" एवढंच आहे. गेल्या आठवड्यात मी एका आजींना विचारलं होतं, त्या "नाही बाई" म्हणाल्या आणि मी पुढं गेले. आज पुन्हा त्यांच्याकडे गेले, खुर्ची ओढून बसले, म्हटलं, आजी, तपकिरीची नस ओढता का, गुडाखू घासता का, पानात काही? आजी म्हणाल्या, "नस का? ती तर ओढते." जशी काही मीच वेडी.

वर्षाचा फोटो मार्चअखेरीस ना? मी येते. या वेळी सुट्टी विचारणार नाही, सांगणार.

पण आई, नाही जुळलं तर? हे मी तुलाच विचारते आहे, कारण या घरात न घाबरलेली तू एकटीच दिसतेस.

खुशबू


सेक्टर २
१७ एप्रिल २०२५

प्रिय खुशबू, जय भीम.

तू गेल्यावर घर लय शांत झालं. तुले रिपोर्टच्या दिवशीच रात्रीची गाडी पकडा लागली, म्हणून डॉक्टरसोबत दुसऱ्यांदा बोलणं झालं ते तुले माहीत नाही. मी मुद्दाम एकटा गेलो होतो. बोलण्यासाठी रीना मॅडमले कागद-पेन घेऊन बाजूले बसवलं.

तू फोटो पाह्यलाच आहे. डाव्या बाजूनं पांढरी रेघ, वरच्या मणक्यापासून खालच्यापर्यंत, पातळ पण अखंड. उजवीकडं अजून खाली जागा. स्क्रू होता तसाच, आणखी ढिला नाही. सध्या दुसरं ऑपरेशन नाही, पुन्हा सहा महिन्यांनी पाहू. हे तुह्यासमोरच झालं. मले त्यानं समाधान झालं नव्हतं. मी विचाराले गेलो होतो, का साहेब, एक खरं सांगा. आधी जुळलं नाही ते तुमच्या मालामुळं का आमच्या गुडाखूमुळं? आन् आता जुळून राहिलं ते गुडाखू सोडल्यामुळं का नुसत्या वेळामुळं?

डॉक्टरनं कागद आपल्याकडं ओढला. मग त्याइनं स्वतःच पेन घेतलं आन् लिहिलं, "एक मरीज़ से पता नहीं चलता. मुझे नहीं मालूम. इसीलिए इतने लोगों को देख रहे हैं."

पहिले मले राग आला. एवढा मोठा डॉक्टर, वर्षभर माह्या बायकोच्या पाठीत माल टाकून बसला, आन् म्हणते मालूम नाही. ऑटोत बसल्यावर राग उतरला. मी मनाशी पाह्यलं, या एका वर्षात मी किती जणांसमोर छाती ठोकून बोललो, सगळं मालाचं आहे, आपली चूक नाही. मलेच सगळं मालूम होतं. तो कागद मी घरी आणला आन् आईले दाखवला. ती म्हणे, "बराबर लिहिलं." बस.

अभ्यास पुन्हा सुरू झाला. नवीन कागदात आता गुडाखू, नस, सगळे शब्द वेगवेगळे छापले आहेत. समितीनं त्या मालाचा हिशेब पण मागितला आहे, तो अजून यायचा आहे. रीना मॅडम कधीमधी आईले फोन करते. एखादी नवीन बाई दबून राहिली तर आईसंग बोलाले लावते. आई काय बोलते मले ऐकू येत नाही, पण लय वेळ बोलते.

डिसेंबरात एकदा तिनं घासली होती. तुले सांगतलं नव्हतं. तिनं स्वतःच दवाखान्यात जाऊन ते लिहून देल्लं. त्यानंतर नाही.

मी अजून घाबरतो. रात्री ती कूस बदलते तवा मी जागा राहतो. आवाज तर मले येणार नाही, म्हणून तिच्या पाठीवर हात ठेवून पाहतो, काही हलते का. ती म्हणते, झोपा आता. उजवी बाजू जुळन का नाही, कोणी सांगू शकत नाही. आता मी कोणाले विचारत पण नाही.

सोमवारी चौदा एप्रिल झाली. चौकात सरबताचा स्टॉल होता. रुक्मा पांढरी साडी नेसून, आतून पट्टा बांधून, ग्लास भरून देत उभी होती. ऊन असं का डांबर चिकटून राहिलं होतं. मी घरून खुर्ची आणून तिच्या मागं ठेवली. अर्ध्या तासानं पाह्यलं, उभीच. मिरवणूक आली, गेली, दुसऱ्या सेक्टरची आली. मी सांगाले गेलो, बस आता. तिनं माह्या हातात एक ग्लास देल्ला आन् मागच्या माणसाले पुढं बोलावलं.

शेवटी त्या खुर्चीवर मीच बसलो.

तुहा बाबा
भय्याजी